‘फोनवर डॉक्टर काय बघणार?’

उंब्रजहून कराडला जायला अर्धा तास पुरतो. एसटी आहे, वडाप आहे. तरीही अंगावरून पांढरं जाणं आणि त्याला माशासारखा वास येणं हा त्रास आपल्याकडच्या बायका महिनोन्‌महिने अंगावर काढतात. केसपेपरच्या रांगेत मागे भावकीतलंच कुणी उभं असतं, आणि ‘काय होतंय?’ या प्रश्नाला सगळ्यांदेखत उत्तर द्यायचं असतं. अशा बाईला ‘फोनवर डॉक्टरांशी बोल’ असं सुचवलं की घरातून ठरलेलं उत्तर येतं: ‘असल्या दुखण्यात फोनवर डॉक्टर काय बघणार? ते औषध काय खरं नसतं.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याचा समाचार घ्यायलाच हवा.

आधी दुखणं समजून घेऊ. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जिवाणू असतात. ते आम्ल तयार करतात, त्यामुळे इतर जंतूंना तिथे डोकं वर काढता येत नाही. हे जिवाणू घटले की गार्डनरेलासारखे दुसरे जिवाणू माजतात. मग पातळ, करडट-पांढरा स्राव आणि वास सुरू होतो. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार प्रजननक्षम वयातल्या 23 ते 29 टक्के स्त्रियांमध्ये हे आढळतं. म्हणजे साधारण चौघींत एक.

गैरसमज: तपासल्याशिवाय दिलेलं औषध म्हणजे फसवणूक.

वस्तुस्थिती: यातला निम्मा भाग खरा आहे, तो आधी मान्य करते. पक्कं निदान तपासणीनेच होतं. 1983 पासून डॉक्टर त्यासाठी चार खुणा पाहतात: स्रावाचं रूप, 4.5 पेक्षा जास्त पीएच, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर उठणारा वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी माखलेल्या पेशी. चारांपैकी तीन दिसल्या की निदान पक्कं. फोनवर यातलं काहीच तपासता येत नाही.

पण म्हणून औषध खोटं कसं ठरतं? जिथे सूक्ष्मदर्शक नाही तिथे लक्षणं नीट विचारून उपचार करण्याची पद्धत सरकारी दवाखान्यांतही आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचं, म्हणजे ‘नॅको’चं, दोन नंबरचं हिरवं पाकीट याच त्रासासाठी असतं. त्यात सेक्निडॅझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम असतं. जिवाणू असोत की बुरशी, दोन्हींवर एकदम उपाय. फोनवरचा डॉक्टरही असंच विचारतो: रंग कसा, वास आहे का, खाज आहे का, दह्यासारख्या गुठळ्या पडतात का, पाळी कधी आली, दिवस गेलेत का. उत्तरं जुळली तर बहुधा मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या किंवा क्लिंडामायसिनचं मलम मिळतं.

हे कायद्याला धरूनही आहे. केंद्र सरकारने 25 मार्च 2020 रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यानुसार डॉक्टर नोंदणीकृतच हवा आणि चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक हवा. प्रत्यक्ष तपासणीची गरज वाटली तर त्याने तसं सांगायला हवं. रुग्ण यायला तयार असताना फोनचाच आग्रह धरणं आणि रुग्णाच्या खासगी फोटोंचा गैरवापर करणं, दोन्ही गैरवर्तन ठरतात. आणि या दुखण्यात फोटो पाठवायची गरजच नाही. पीएच आणि वास फोटोत दिसत नाहीत.

पैशांचाही प्रश्न नाही. ‘ई-संजीवनी’ ही सरकारी सेवा एप्रिल 2020 पासून घरबसल्या मिळते, तीही मोफत. स्मार्टफोन नसेल तर आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी तिथूनच डॉक्टरांशी जोडून देतात.

‘तपासणीच हवी’ म्हणून फोन नाकारणाऱ्यांनी एक जुना अभ्यास आठवावा. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. तपासणी हवी हे बरोबरच. पण ती होईपर्यंत बाईने गप्प बसावं, हा कुठला न्याय?

मात्र ओटीपोटात दुखणं, ताप, गर्भारपण, पाळीव्यतिरिक्त रक्त जाणं, जखम किंवा फोड, किंवा औषध पुरं करूनही फरक न पडणं, यातलं काहीही असेल तर फोन बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. गर्भारपणी हा आजार असेल तर दिवस भरण्याआधी प्रसूतीचा धोका वाढतो.

आता बाकीचे गैरसमज.

‘वास येतो म्हणजे बाई अस्वच्छ.’ उलट साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुतल्याने उपकारक जिवाणू मरतात आणि त्रास वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरे.

‘पांढरं जातं म्हणजे हाडं झिजतात.’ हाडांचा याच्याशी काही संबंध नाही. थोडा, बिनवासाचा स्राव प्रत्येकीला असतो.

‘मेडिकलमधून एक गोळी आणली की झालं.’ बुरशीची गोळी या जिवाणूंवर चालत नाही, आणि मेट्रोनिडॅझोल चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे.

‘दही लावावं.’ दह्यातले जिवाणू वेगळ्या जातीचे. औषधाची जागा ते घेत नाहीत.

‘परत झालं, म्हणजे औषध खोटं.’ औषधाने बऱ्या झालेल्या अनेकींना वर्षभरात हा त्रास पुन्हा होतो. हा आजाराचा स्वभाव आहे.

‘हे बाईचंच दुखणं.’ हा आजार झाला म्हणून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवता येत नाही. पण मार्च 2025 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास छापला. फक्त बाईला औषध दिलं तेव्हा 12 आठवड्यांत 63 टक्क्यांना त्रास परतला. जोडीदारालाही गोळ्या आणि मलम दिलं तेव्हा 35 टक्क्यांना.

तेव्हा त्रास सारखा परतत असेल, तर पुढच्या वेळी नवऱ्यालाही फोनजवळ बसवा. बोलायला शब्द सुचत नसतील तर एवढंच सांगा: ‘अंगावरून पांढरं जातं, वास येतो, इतके दिवस झाले.’ पुढचं विचारणं डॉक्टरचं काम आहे.