आडवे, उभे आणि ऱ्हस्व-दीर्घ

मराठी शब्दकोड्याच्या एका घरात एक अक्षर बसते. अक्षर म्हणजे नुसते व्यंजन नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर असेल तर तेही, सगळे त्या एकाच चौकोनात. 'पुस्तक' तीन घरांचा आणि 'स्वातंत्र्य'ही तीनच घरांचा. इंग्रजी कोड्यात घराला २६ शक्यता असतात. मराठीत ३४ व्यंजनांची नुसती बाराखडी मांडली तरी ४०८ अक्षरे होतात, जोडाक्षरांची गणती वेगळीच. या कोड्याची गंमत आणि त्याचा वैताग, दोन्ही इथूनच सुरू होतात.

चौकटीचा जन्म मात्र परदेशातला. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकाच्या रविवारच्या अंकात आर्थर विन याने शंकरपाळ्याच्या आकाराचे पहिले शब्दकोडे छापले. दहा-अकरा वर्षांत अमेरिकेत त्याची साथ आली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १९२४ साली या वेडाला नाक मुरडले आणि १९४२ साली स्वतःच कोडे सुरू केले. लंडनच्या 'टाइम्स'मध्ये ते १ फेब्रुवारी १९३० पासून येऊ लागले. मराठीने ही चौकट उचलली, पण शब्दांशी खेळण्याची हौस तिला बाहेरून आणावी लागली नाही. ज्याचे उत्तर श्लोकातच दडलेले असते ती अंतर्लापिका आणि ज्याचे उत्तर बाहेर शोधावे लागते ती बहिर्लापिका, हे प्रकार संस्कृतात जुने आहेत. बारामतीच्या मोरोपंतांनी तर ओठांनी उच्चारायची अक्षरे पूर्णपणे टाळून 'निरोष्ठ रामायण' रचले. कलगी-तुऱ्याच्या फडात एका शाहिराने भेदिकातून प्रश्न टाकायचा आणि दुसऱ्याने तो उलगडायचा, हीही त्याच कुळातली गोष्ट.

मध्यंतरी या खेळात पैसा शिरला होता. प्रवेश फी भरून कोडे पाठवायचे आणि बक्षिसाची वाट पाहायची, अशा स्पर्धा स्वातंत्र्याच्या आगेमागे जोरात होत्या. त्यांतल्या कित्येकांत एका जागी अर्थाने दोन शब्द चालत, आणि बरोबर कोणता ते आयोजक आधीच ठरवून ठेवत. तिथे भाषेचे ज्ञान संपून नशीब सुरू होई. मुंबई राज्याने १९४८ साली लॉटऱ्या आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण व कर आणणारा कायदा केला आणि १९५२ साली तो राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांतल्या स्पर्धांनाही लागू केला. बंगळूरहून 'स्पोर्टिंग स्टार' या पत्रातून कोडी चालवणारे आर. एम. डी. चमारबागवाला न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जुगार हा व्यापार नव्हे, त्यामुळे व्यापाराच्या मूलभूत हक्काचे संरक्षण त्याला मिळत नाही. केंद्राच्या १९५५ च्या कायद्याने महिन्याला एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षिसे आणि एका स्पर्धेत दोन हजारांपेक्षा जास्त प्रवेशिका यांना मनाई केली होती. तो कायदा जुगारी स्पर्धांपुरता आहे, मुख्यतः कौशल्यावर चालणाऱ्या स्पर्धांना तो लागू नाही, असेही न्यायालयाने त्याच दिवशी सांगितले. पुण्यात पेन्सिल घेऊन बसणाऱ्याला बक्षिसाची अपेक्षा नसते. त्याला शेजाऱ्याच्या आधी कोडे संपवायचे असते.

ही चुरस समजून घ्यायला सदाशिव पेठ फार सोयीची. सदाशिवराव भाऊंचे नाव लावणाऱ्या या पेठेत टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद आहे, आत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि पुस्तके हवी असतील तर अप्पा बळवंत चौक चालत जाण्याच्या अंतरावर. दुपारी एक ते चार ही वेळ दुकानदारीसाठी नाही, हे इथे वेगळे सांगावे लागत नाही. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत याच शहरात सिद्ध झाला. त्याचे जाडजूड खंड कपाटातून खाली काढायला दैनिकातल्या कोड्याइतके चांगले निमित्त क्वचित मिळते. कोश पाहणे ही लबाडी की अभ्यास, यावर मात्र एका घरातही एकमत होत नाही.

घराघरांत कोडे सोडवण्याची पद्धत साधारण सारखी असते. आधी म्हणी आणि गाळलेल्या जागा, मग पुराणातली नावे, मग समानार्थी शब्द. आजींना रामायण-महाभारतातली दूरची नातीगोती तोंडपाठ, नातवाला क्रिकेट आणि सिनेमा. दोघे मिळून बसले तर कोडे चहा संपायच्या आत सुटते. खरा आनंद छेदाचा आहे. 'सूर्य' एवढाच संकेत आणि तीन घरे असतील तर भास्कर, सविता, आदित्य, मार्तंड हे चारही बसतात. उभ्या शब्दाने पहिल्या घरात 'मा' टाकला की तीन जण एका क्षणात बाद होतात. इंग्रजीत एका अक्षराने एवढा निकाल लागत नाही; आपल्याकडे एका घरात शब्दाचा तिसरा हिस्सा असतो.

रचणाऱ्याची अडचण याच्या नेमकी उलट. चारशेंहून अधिक अक्षरांतून आडव्या आणि उभ्या शब्दाला तेच अक्षर लागले पाहिजे, म्हणून तो बिनमात्रांच्या अक्षरांकडे वळतो: र, स, न, क, ल, म. त्यामुळे बोलण्यातून कधीच गेलेले शब्द कोड्यात सुखाने नांदतात. जिभेला 'रसना' आणि डोंगराला 'नग' आज कोण म्हणते? 'कर' तर कोडेकाराचा लाडका: हात, किरण, सारा, हत्तीची सोंड, हवा तो अर्थ लावावा. काही दिवसांत सोडवणाऱ्याला ही ठरलेली मंडळी ओळखीची होतात आणि अर्धे कोडे संकेत न वाचताच भरले जाते. हा आनंद की कंटाळा, ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर.

वादाचे मूळ मात्र शुद्धलेखनात आहे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले: 'नांव'चे 'नाव' झाले, 'कांहीं'चे 'काही'. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ झाला: 'कवि'चा 'कवी', 'गुरु'चा 'गुरू'. निबंधात यामुळे एखादा गुण जाईल. कोड्यात घरच अडते. आडवा शब्द 'कवी' असेल तर त्याच्या दुसऱ्या घरातून खाली 'वीणा' उतरते, 'विहीर' उतरत नाही. 'गुरू'च्या 'रू'खाली 'रूढी' चालते, 'रुमाल' चालत नाही. पण 'गुरुवार' आला की 'रु' पुन्हा ऱ्हस्व, कारण समासात मूळ रूप टिकते. जुन्या वळणात शिकलेल्या माणसाला 'कवि'खाली 'विहीर' अगदी शुद्ध वाटते, आणि त्याच्या हिशेबाने ती असतेही. अशा वेळी काही कोडेकार गुपचूप सवलत घेतात: आडव्यात दीर्घ, उभ्यात ऱ्हस्व, घर मात्र एकच. सोडवणारा तिथे अर्धा तास अडतो आणि दुसऱ्या दिवशीचे उत्तर पाहून चिडतो. त्याचे चिडणे योग्यच आहे. नियम पाळणाऱ्यालाच शिक्षा होते, असे हे एकमेव मैदान असावे.

बाकीचे वैताग किरकोळ. संकेताचा क्रमांक आणि चौकटीतला क्रमांक जुळत नाही. 'एक फूल' अशा ओळीने काहीच सांगितलेले नसते. एकमेकांना छेदणारी दोन अपरिचित नावे येतात, आणि मग अंदाजाला आधार राहत नाही. घरातल्या दुसऱ्याने आधीच पेनने भरून ठेवलेले चुकीचे उत्तर, हा प्रकार मात्र किरकोळ नव्हे.

समानार्थी शब्दांच्या पलीकडे गूढ संकेतांची वाट आहे, आणि मराठीत ती पुरेशी चालली गेलेली नाही. अक्षर अख्खे हलत असल्यामुळे शब्द उलटवणे मराठीत फार नेटके होते. 'उलटा मार खाल्ला, तर लक्ष्मी प्रसन्न' याचे उत्तर 'रमा'. 'गरीब उलटला की वाहू लागतो' याचे उत्तर 'नदी'. इथेही वेलांटी राखणीला बसलेली असते. 'ती होडी जाडी होती' दोन्ही बाजूंनी चोख वाचता येते. शाळेत सगळ्यांनी घोकलेले 'चिमा काय कामाची' मात्र नाही, कारण एका टोकाला 'चि' आणि दुसऱ्या टोकाला 'ची'. सदाशिव पेठेत हे दाखवून देणारा माणूस शोधावा लागणार नाही.

मोबाइलवर हा खेळ आणताना हीच अडचण नव्या रूपात येते. 'क्षे' हे वाचणाऱ्याला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये त्याचे चार भाग: क, हलन्त, ष आणि मात्रा. ज्या प्रणालीत एका घरात एकच चिन्ह मावते, तिथे हे अक्षर फुटते. कागदावर निदान तेवढा त्रास नाही.

कोडे रचणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी एक सोपी गोष्ट करावी. चौकटीच्या वर एक ओळ द्यावी: शुद्धलेखन १९६२ च्या नियमांनुसार आहे, आणि छेदाच्या घरात ऱ्हस्व-दीर्घाची सवलत घेतली आहे किंवा नाही. एवढे कळले की अडल्यावर स्वतःला दोष द्यायचा की संपादकाला पत्र लिहायचे, हे सोडवणाऱ्याला ठरवता येईल.