पाच तत्त्वे, व्यवसाय आणि भेंडवळची घटमांडणी

फेंगशुई, म्हणजे वास्तू व परिसर यांतून वाहणाऱ्या ‘ची’ या प्राणऊर्जेचा विचार करणारी चिनी परंपरा, काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल ही पाच तत्त्वे मानते. भारतीय पंचमहाभूतांतील वायू आणि आकाश त्यांत नाहीत. लोकप्रिय पद्धतीत जन्मवर्षाच्या शेवटच्या अंकावरून (४-५ काष्ठ, ६-७ अग्नी, ८-९ पृथ्वी, ०-१ धातू, २-३ जल) व्यक्तीचे तत्त्व ठरवून काष्ठाला शेती, पृथ्वीला बांधकाम, धातूला सराफी असे व्यवसाय जोडले जातात.

वस्तूंमध्ये उपजीविकेचे संकेत शोधण्याची परंपरा बुलढाणा जिल्ह्यातही, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे घटमांडणीच्या रूपाने आहे. मात्र तेथील प्रश्न एका व्यक्तीचा नसून साऱ्या शेतकरी समाजाच्या हंगामाचा असतो, आणि हा फरक मूलभूत आहे. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी वाघ घराण्यातील मंडळी गावाबाहेरील शेतात वर्तुळाकार घट आखून १८ प्रकारची धान्ये मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची प्रतीके म्हणून मातीची चार ढेकळे व त्यांवर पाण्याची घागर ठेवतात, आणि रात्री तेथे कोणीही न थांबता दुसऱ्या दिवशी पहाटे ढेकळांच्या ओलीवरून पावसाचे, तर दाण्यांच्या हालचालीवरून पिकांचे भाकीत सांगतात. दोन्ही पद्धतींना प्रयोगसिद्ध आधार नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचा पेरणीचा खर्च पणाला लागत असल्याने भेंडवळबाबत ही उणीव अधिक गंभीर ठरते, आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने या भाकितांना जाहीर विरोध केला आहे.