कचऱ्याचा कडा का कोसळतो?

पूर्व दिल्लीतील मयूर विहारपासून जवळच असलेल्या गाझीपूरच्या कचराडोंगराचा एक भाग १ सप्टेंबर २०१७ रोजी, पावसानंतर, कोसळला. रस्त्यावरील वाहने लगतच्या कालव्यात ढकलली गेली. दोघांचा बळी गेला.

सपाट दिल्लीत दरड कोसळावी, याचे भूस्खलनाच्या अभ्यासकांना नवल वाटणार नाही. उतार टिकतो तो कणांमधील घर्षणावर आणि घर्षण अवलंबून असते कणांच्या परस्परांवरील दाबावर. पोकळ्यांत पाणी साचले की भाराचा काही वाटा पाणीच पेलते आणि घर्षण घटते. कार्ल टेर्झागी यांनी मांडलेले हे तत्त्व २०१४ मध्ये गाडल्या गेलेल्या माळीणच्या मातीला जितके लागू, तितकेच या कचऱ्यालाही. कुजण्यातून निघणाऱ्या वायूचा दाब वेगळाच. त्यात प्लास्टिकचे तुकडे ढिगाला मुळांसारखे बांधून ठेवतात. परिणामी कडा फसव्या स्थैर्याने उभा राहतो. इंडोनेशियात बांडुंगजवळ २००५ मध्ये असाच ढीग घसरून शंभराहून अधिक माणसे दगावली.

गाझीपूरची कचराभूमी १९८४ मध्ये सुरू झाली आणि २००२ मध्येच तिची क्षमता संपली. कचरा मात्र पडतच राहिला. दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे डोंगराळ प्रदेशांचे होतात; महापालिकेने रचलेला डोंगर प्रशासनाच्या लेखी केवळ ‘घनकचरा’ ठरतो. ही वर्गवारी पायथ्याशी राहणाऱ्यांच्या जिवावर बेतणारी आहे. ढिगातील पाण्याचा दाब मोजणारी उपकरणे दुर्मीळ नाहीत. जुना कचरा उपसतानाही हेच शास्त्र पाळावे लागेल: पायथा आधी खणला, तर वरच्या भाराचा आधारच निघून जातो. उपसा माथ्याकडून, थराथराने आणि पावसाळ्यापूर्वी निचऱ्याची सोय करूनच व्हायला हवा.