न सुनावलेली शिक्षा

तुरुंग का भरतात, याची दोन उत्तरे ठरलेली असतात: गुन्हे वाढले आणि शिक्षा कडक झाल्या. अमेरिकेपुरते दुसरे उत्तर बऱ्याच अंशी खरे आहे. 1970 नंतर तिथे किमान शिक्षेची सक्ती करणारे कायदे आले. अमली पदार्थांविरुद्धचा 1986 चा कायदा, तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत नेणारा कॅलिफोर्नियाचा 1994 चा नियम, अशा उपायांनी शिक्षा झालेल्यांचा मुक्काम लांबला आणि तुरुंग फुगले. आपल्याकडचा हिशेब निराळा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2012 अखेर देशात 3,85,135 कैदी होते, 2022 अखेर 5,73,220. या दहा वर्षांत शिक्षा भोगणारे पक्के कैदी 1,27,789 वरून 1,33,415 झाले, म्हणजे साडेपाच हजारांच्या थोडे वर वाढले. निकालाची वाट पाहणारे कच्चे कैदी मात्र 2,54,857 वरून 4,34,302 वर गेले. वाढलेल्या दर शंभर कैद्यांमागे पंचाण्णव कच्चे आहेत. महाराष्ट्रातही पाचांतले चार कैदी कच्चेच.

मग शिक्षेचा या गर्दीशी संबंध नाही, असे म्हणायचे का? तसे नाही. शिक्षा इथे निकालाआधीच कामाला लागते. फौजदारी प्रक्रिया संहितेत 2005 च्या दुरुस्तीने कलम 436-अ आले. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला त्याने जामिनाची वाट दिली. त्या संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 ने पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यासाठी ही मुदत एक तृतीयांशावर आणली. सुधारणा चांगली आहे, पण मोजमाप पुस्तकातल्या कमाल शिक्षेचेच राहिले. कायदेमंडळाने एखाद्या गुन्ह्याची शिक्षा तीनवरून सहा वर्षांवर नेली, की एकही निकाल न लागता तो निम्मा काळ दीड वर्षावरून तीन वर्षांवर जातो. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे या सवलतीबाहेर आहेत, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेला आरोपीही. अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम 37 त्याहून पुढे जाते. गंभीर कलमांखालचा आरोपी निर्दोष असावा, असे मानण्यास वाजवी कारण आहे अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. आणि ही खात्री पटवायची ती साक्षीपुरावा होण्याआधी.

जामीन मंजूर झाला तरी दार उघडतेच असे नाही. 1978 मधले मोतीराम प्रकरण या बाबतीत बोलके आहे. मध्य प्रदेशातल्या या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तर दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला. पण तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारले. शेवटी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर सुटका केली. आजही ऐपतीचा दाखला, पक्का पत्ता, ओळखीचा जामीनदार यांतले काही नसलेला स्थलांतरित मजूर हातात आदेश असून आतच राहतो.

गुन्हे वाढल्याने अटका वाढल्या, त्यामुळे कच्चे कैदी वाढले, असा आक्षेप घेता येईल. तो सर्वस्वी खोटा नाही. पण कारण तेवढेच असते, तर काही वर्षांनी पक्क्यांची संख्याही त्याच चालीने वाढायला हवी होती. ती दहा वर्षांत जवळपास तिथेच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आरोपी सुटले तर साक्षीदारांना धमकावतील. काही जण धमकावतीलही, आणि त्यांना आत ठेवण्याचा अधिकार न्यायालयाकडे आहेच. पण तो निर्णय त्या माणसाच्या धोक्यावरून व्हावा, त्याच्या खिशावरून किंवा कलमाच्या आकड्यावरून नव्हे. उरला उपाय नवे तुरुंग बांधण्याचा. तो करून झाला आहे: दहा वर्षांत क्षमता 3,43,169 वरून 4,36,266 वर गेली, तरी भरणा 112 टक्क्यांवरून 131 टक्क्यांवर चढला.

तेव्हा गर्दी कमी करायची तर शिक्षा सौम्य की कठोर, एवढ्याच वादात अडकून भागणार नाही. खर्चाची तरतूद असलेल्या विधेयकासोबत आर्थिक ज्ञापन जोडावे लागते. तसेच कमाल शिक्षा वाढवणाऱ्या किंवा जामीन अवघड करणाऱ्या प्रत्येक विधेयकासोबत किती कच्चे कैदी किती काळ जास्त आत राहतील, याचा अंदाज सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक करावे. मतदान मग त्या आकड्यासकट होईल.