वैशाखातले ऊन आणि मेंदूतील राखण

२३ मे २०२४ ला बुद्धपौर्णिमा झाली आणि दोनच दिवसांनी उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू झाले. पारा ४५ अंशांपुढे होता. अशा तापात मेंदूचे रक्षण कोण करते?

मेंदूतील बहुतेक चेतापेशी आयुष्यभर त्याच राहतात. त्यांचा डीएनए तुटला तर दुरुस्ती हाच मार्ग. ते काम प्रथिने करतात. पण अति उष्णतेत त्या प्रथिनांचीच घडी बिघडते. तेव्हा पेशी एचएसपी-७० सारखी ‘हीट शॉक’ प्रथिने बनवते. ती बिघडलेल्या प्रथिनांना सावरतात, म्हणून डीएनएची डागडुजी सुरू राहते. या प्रतिसादाची पहिली खूण फेरुचिओ रितोसा यांनी १९६२ मध्ये फळमाशीत टिपली.

मात्र या राखणीला मर्यादा आहे. उन्हात अंग तापून माणूस बरळू लागला, तर ती बाहेरची बाधा नव्हे, उष्माघात आहे. सावलीत न्या, अंग ओले करा, वारा घाला, १०८ ला फोन करा. अंगारे-धुपाऱ्यांत वेळ घालवू नका.

अमरावती-अकोल्यातील कार्यकर्त्यांनो, मिरवणूक संध्याकाळी ठेवा, वाटेत पाणी ठेवा. शेतात, वीटभट्टीवर राबणाऱ्यांसाठी दुपारची सुटी मागा. कारण ओळखून दुःख टाळणे, हाच धम्म.