सेत नावेत कसा?

सकाळी साडेसात. लंडनमधल्या आमच्या प्राथमिक शाळेत अजून मुलं आलेली नाहीत. इथल्या अभ्यासक्रमात सुमेर, सिंधू खोरं, इजिप्त आणि चीनमधलं शांग राज्य यांपैकी एक प्राचीन संस्कृती खोलात शिकवायची असते. आम्ही इजिप्त घेतलं आहे. देवांसाठी तयार जोड्या लावण्याचा तक्ता मिळतो, तो मी वापरत नाही. रा म्हणजे सूर्य, अनुबिस म्हणजे मृत्यू, असं जोडलं की मुलं मोकळी होतात आणि तीन हजार वर्षं माणसांनी ज्यांना हाक मारली ते देव नुसती खात्यांची यादी होऊन बसतात.

सव्वानऊ. हजेरीनंतर फळ्यावर सूर्याचा प्रवास काढते. उगवताना तो खेपरी, शेणाचा गोळा ढकलणारा भुंगा. माध्यान्हीला बहिरी ससाण्याच्या डोक्याचा रा. मावळताना वृद्ध अतुम. “मग खरा कोणता?” हा प्रश्न येतोच. तिन्ही खरे, असं सांगितलं की आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ते मोठ्यांपेक्षा लवकर पटतं. रात्रीचे बारा तास त्याची नाव पाताळातून जाते. अपेप नावाचा महासर्प ती गिळायला टपलेला असतो आणि नावेच्या टोकाला भाला घेऊन सेत हा देव उभा असतो.

अकरा. देवळातली रोजची पूजा. पहाटे पुजारी गाभाऱ्याच्या दाराचं मातीचं सील तोडतो, मूर्ती स्वच्छ करतो, वस्त्रं नेसवतो, सुगंधी तेल लावतो, अन्न ठेवतो. नंतर ते अन्न पुजारी वाटून घेतात. “मिस, माझी आजी पण देवांना आंघोळ घालते!” वर्गातली एक मराठी मुलगी म्हणते आणि बाकीची मुलं तिच्याभोवती गोळा होतात. फरकही सांगावा लागतो: त्या गाभाऱ्यात सामान्य माणसाला प्रवेश नव्हता. राजांच्या थडग्यांवर काम करणारे कारागीर देर अल-मदिना गावात राहत. त्यांच्या घरांत मात्र बेस आणि तावेरेत हे देव असत. तो बुटका, जीभ काढलेला. ती पाणघोड्याच्या रूपातली, गरोदर बायकांची राखणदार. पाठ्यपुस्तकं या दोघांना ओळभर जागा देतात. मी अर्धा तास देते, कारण बाळंतपणाच्या रात्री हाक यांनाच जात असे.

सव्वा वाजता, जेवणानंतर, हुनेफेरच्या पपायरसचं मोठं चित्र भिंतीवर लावते. मूळ पपायरस इथल्याच ब्रिटिश म्युझियमचा, इ. स. पूर्व तेराव्या शतकातला. तराजूच्या एका पारड्यात मृताचं हृदय, दुसऱ्यात सत्याची देवी मात हिचं पीस. अनुबिस काटा पाहतो, थोथ नोंद करतो आणि दोषी हृदय गिळायला मगरीच्या तोंडाची अम्मित वाट पाहत बसते. मुलांना अम्मितच आवडते. मी मात्र त्यांना हृदयाकडे नेते. ‘माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस,’ अशी विनवणी भुंग्याच्या आकाराच्या ताइतावर कोरून ममीच्या छातीशी ठेवत. या पाठाला मुलांकडून त्यांच्या स्वतःच्या चुका लिहून घेण्याची कल्पना काही जण सुचवतात. मला ती मुळीच मान्य नाही. ते त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे.

अडीच. ओसिरिसची गोष्ट. सख्ख्या भावाने, सेतनेच, त्याला मारलं. पत्नी इसिसने त्याला शोधून काढलं. मुलगा होरस राज्यासाठी सेतशी लढला. शांत बसणारा एक मुलगा हात वर करतो. “पण सकाळी तर सेत सूर्याला वाचवत होता. तो वाईट असेल, तर त्याला नावेत कशाला घेतात?” मी हा प्रश्न त्याच्या नावासह फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते. तेवढ्यात सुटीची वेळ होते.

पाच वाजता रिकाम्या वर्गात उद्याची तयारी. कवितेचा तास पुढे ढकलून पहिला तास त्या प्रश्नाला दिला आहे. सेत हा वादळाचा, वाळवंटाचा, आडदांड बळाचा देव. अपेपसमोर उभं राहायला तेच बळ लागतं. दुसऱ्या रामसेसच्या वडिलांचं, पहिल्या सेती राजाचं, नावही याच देवावरून ठेवलेलं होतं. ॲबिडॉसला त्याने बांधलेल्या देवळाचं चित्र छापून ठेवते. तिथे एक गाभारा ओसिरिसचा आहे. सेतचं नाव मिरवणारा राजा ओसिरिसची पूजा करतो, हे मुलांना दाखवायचं आणि आधी त्यांनाच बोलू द्यायचं.