हायड्रोजन हवा, पण मोटारीच्या टाकीत नको

मार्च 2022 मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी टोयोटाच्या ‘मिराई’ मोटारीतून संसदेत गेले, तेव्हापासून हायड्रोजनच्या गाडीकडे आपल्याकडे मोठ्या आशेने पाहिले जाते. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांचा फ्युएल सेलमध्ये संयोग होतो, त्यातून वीज निर्माण होते, त्या विजेवर चाके फिरतात आणि बाहेर पडते ते केवळ पाणी. धूर नाही, कर्कश आवाज नाही. तरीही घरगुती मोटारीसाठी हा रस्ता चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण गाडीत नाही, गाडीपर्यंत इंधन पोचवण्यात आहे.

हायड्रोजन पेट्रोलसारखा जमिनीतून उपसून आणता येत नाही, तो बहुतांशी तयारच करावा लागतो. पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला 50 ते 55 युनिट वीज लागते. हा वायू इतका विरळ असतो, की मोटारीत मावण्यासाठी त्याला हवेच्या दाबाच्या सुमारे सातशे पट दाबावे लागते. तो खर्च धरला तर हिशेब साठ युनिटच्या आसपास जातो. एवढ्या हायड्रोजनवर मिराईसारखी गाडी शंभर-सव्वाशे किलोमीटर धावते. तीच साठ युनिटे थेट बॅटरीत भरली, तर चार्जिंगमधली गळती वजा जाताही साधारण तेवढीच मोठी गाडी तीनशे किलोमीटरच्या पुढे जाते. यंत्रे सुधारतील, पण ही तफावत पुरती मिटणार नाही. विजेचा वायू आणि वायूची पुन्हा वीज करताना दोन्ही वेळा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निसटतेच. ‘आपली वीज तरी कुठे स्वच्छ आहे?’ हा आक्षेप म्हणूनच हायड्रोजनवर अधिक जोराने उलटतो. वीज कोळशाची असेल, तर त्याच अंतरासाठी जाळावा लागणारा कोळसाही त्याच पटीत वाढतो.

पाच मिनिटांत टाकी भरते, हा हायड्रोजनच्या बाजूचा खरा मुद्दा आहे आणि चार्जिंगसाठी ताटकळणाऱ्याला तो पटतोही. पण त्यासाठी पंप हवेत. शेलने फेब्रुवारी 2024 मध्ये कॅलिफोर्नियातले मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप बंद केले. वीज मात्र घराच्या पार्किंगपर्यंत आधीच आलेली आहे. दुपारची जास्तीची सौरवीज वापरून हायड्रोजन बनवावा, असेही सुचवले जाते. ते जरूर करावे, फक्त तो मोटारींना देऊ नये.

कारण त्याची खरी वाट पाहणारे दुसरीकडे आहेत. देशातला हायड्रोजन आज मुख्यतः तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांत खपतो आणि बराचसा नैसर्गिक वायूपासून बनतो. त्या प्रत्येक किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अलिबागजवळच्या थळच्या खत प्रकल्पात अमोनिया बनतो, त्याला हायड्रोजनच लागतो. तिथे बॅटरीचा काही उपयोग नाही. केंद्राने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी रुपयांच्या हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली आणि 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचे लक्ष्य ठरवले. त्यातले पहिले टन खत आणि पोलादाच्या कारखान्यांना मिळायला हवेत. लांब पल्ल्याच्या अवजड वाहनांचा विचार त्यानंतर करता येईल. पुण्यात 2022 मध्ये सादर झालेल्या स्वदेशी फ्युएल सेल बसमागचे संशोधन तिथे कामी येऊ शकते.